निबंध मुलीचा, निष्कर्ष आमचा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमरावतीला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी एक निबंध स्पर्धा झाली. भरवणारी मंडळी आपल्याच विचारांची होती आणि तिघा परीक्षकांपैकी मी एक होतो. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण जे घडले त्याचा दोष संस्थेकडे नसून आम्हा तिघांकडे आहे, आणि त्यातही माझ्याकडे थोडा अधिक. स्पर्धेसाठी श्रद्धा, निवड, भाषा आणि समाज असे चार विषय होते. त्यांपैकी कोणत्याही एकावर लिहायचे होते. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातल्या, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने चारही विषयांवर लिहिले आणि अख्खी वहीच पाठवून दिली. सोबतच्या चिठ्ठीत तिने म्हटले होते की, हे चार विषय मला एकमेकांपासून सुटे करता आले नाहीत. त्यातला कोणता स्पर्धेत धरायचा ते आपण ठरवावे.

आम्ही चारही वाचले आणि एकही धरला नाही. पहिल्या परीक्षकांचे म्हणणे पडले की, श्रद्धेवरील निबंधात लेखिकेने भूमिकाच घेतलेली नाही. दुसऱ्यांनी भाषेवरील निबंधात लाल शाईने सत्तावीस चुका काढल्या. निवडीवरील निबंध अर्थशास्त्राचा म्हणून माझ्याकडे आला होता. मी त्याच्या समासात 'विषयांतर' असा एकच शब्द लिहिला आणि शंभरपैकी अडतीस गुण दिले. पहिले पारितोषिक ज्या निबंधाला मिळाले त्यात फुले होते, शाहू होते, आंबेडकर होते, संविधानाची उद्देशिका होती आणि शेवटी अंधश्रद्धेविरुद्ध एल्गार होता. त्यात चूक म्हणून एकही नव्हती. लिहिणाराही त्यात कोठे दिसत नव्हता. तो मजकूर गाईडमधून आला की मोबाइलमधून, हे शोधण्याची तसदी आम्ही घेतली नाही, कारण निष्कर्ष आमच्या मनासारखा होता.

पुढे आपल्या तालुका शाखेच्या बैठकीत मी ही गोष्ट काढली. आपल्या हातून चूक झाली असावी, असे मी म्हणालो. त्यावर एका ज्येष्ठ साथीने मला थांबवले आणि सांगितले, "सर, विद्यार्थ्यांना विचार द्यायचे असतात, त्यांचे विचार गोळा करीत बसायचे नसतात. काळ कसा आहे ते बघा." या साथीविषयी मला आदर आहे. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास भोगला आहे आणि आजही ते कापसाच्या प्रश्नावर उन्हातान्हात मोर्चे काढतात. परंतु त्यांचे हे वाक्य मला मान्य नाही. बैठकीतील बऱ्याच कार्यकर्त्यांनी माना डोलावल्या, म्हणून त्याचा प्रतिवाद येथे जाहीरपणे करीत आहे.

प्रथम त्या मुलीने श्रद्धेविषयी काय लिहिले ते सांगितले पाहिजे. तिची आजी दर गुरुवारी 'गजानन विजय' पोथीचा अध्याय वाचते. एकवीस अध्यायांचे पारायण असले की गल्लीतल्या दहाबारा बायका ओसरीवर जमतात. या बायकांना घर, वावर आणि चूल यांच्या बाहेर दोन तास बसायला मिळणारी ती एकमेव जागा आहे, हे मुलीने नोंदवले आहे. आजीबरोबर ती स्वतः दोनदा शेगावला पायी गेली. आता आपला विश्वास उरलेला नाही, हेही तिने एका ओळीत, कसलाही आव न आणता, लिहून टाकले आहे. त्यानंतर मुख्य प्रश्न येतो. आजीबरोबर वीस वर्षे निंदणीला जाणारी पलीकडच्या वस्तीतली बाई ओसरीवर का येत नाही? तिला बोलावत नाहीत की ती येत नाही? मुलीने हा प्रश्न आजीला विचारला. आजी गप्प बसली. पुढच्या गुरुवारीही ती बाई आली नाही, आणि आजीने पोथी नेहमीपेक्षा हळू आवाजात वाचली. निबंध येथे संपतो.

याला आमच्या परीक्षकांनी 'भूमिकेचा अभाव' म्हटले. गंमत अशी की हाच निबंध मुलीने आधी एका महाविद्यालयीन वार्षिकांकासाठी दिला होता. 'भावना दुखावतील' एवढा शेरा मारून तो तेथून परत आला. म्हणजे एका ठिकाणी तो दुखावणारा ठरला आणि आमच्याकडे पुरेसा दुखावणारा ठरला नाही म्हणून बाद झाला. वार्षिकांकवाल्यांवर मी येथे शब्द खर्च करणार नाही. भावनांच्या नावाखाली तोंड दाबणाऱ्यांशी आपले भांडण जुने आहे आणि ते चालूच राहील. आमच्या शेऱ्याचे काय, हा माझा प्रश्न आहे.

'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा मुक्ता साळवे यांचा निबंध आपण सारेच अभिमानाने सांगतो. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय'ने तो दोन भागांत छापला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली ती चौदा वर्षांची विद्यार्थिनी होती. जयंत्यांच्या भाषणांतून आपण त्या निबंधाचे नाव घेतो, पण तो पुन्हा काढून वाचणारे थोडे. त्यात काय आहे? वेद पाहण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर आमचा धर्मग्रंथ कोणता आणि आम्ही धर्माचे की धर्मावाचून, असा तिचा सवाल आहे. आपल्या जातीतल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे पाहिलेले दुःख आहे. आणि आपल्यासाठी कोणता धर्म आहे तो तूच कळू दे, असे ती थेट देवालाच म्हणते. ती देव नाकारीत नाही. छापणारे नियतकालिक मिशनऱ्यांचे होते, तरी त्यांचा धर्म हेच उत्तर आहे असेही ती म्हणत नाही. अमरावतीच्या आमच्या परीक्षक मंडळापुढे तो निबंध आला असता तर 'लेखिका ईश्वराला आवाहन करते, वैज्ञानिक दृष्टिकोन कच्चा' असा शेरा मारून आम्ही तिला अडतीस गुणांवर बसवले असते. पावणेदोनशे वर्षांनंतरही तो निबंध जिवंत आहे तो निष्कर्षामुळे नव्हे. प्रश्न तिचा होता आणि तो विचारण्याची जागाही तिनेच निवडली होती.

कोणी म्हणेल, पुण्याच्या गोष्टी वऱ्हाडात कशाला? मग वऱ्हाडातलीच घेऊ. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा शेतकऱ्याचा मुलगा १९२० साली विलायतेला शिकायला जातो आणि ऑक्सफर्डला डॉक्टरेटसाठी विषय घेतो वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. डॉ. पंजाबराव देशमुखांचा तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. धर्मकल्पना आकाशातून पडत नाहीत, त्या कालमानाने बनतात आणि बदलतात, हे ज्याने विद्यार्थिदशेत मुळापासून अभ्यासले, त्याने परत आल्यावर काय केले? अंबादेवी खरी की खोटी, यावर त्यांनी अमरावतीत व्याख्याने झोडली नाहीत. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहिली आणि त्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली येथे परिषद भरली, तेव्हा ते प्रवेश मागणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९३२ साली मध्यप्रांताच्या विधिमंडळात देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक आणले आणि त्याच सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. भक्तांच्या विश्वासाला हात न लावता विश्वस्तांना हिशेब विचारणे, ही त्यांची रीत होती. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला ती अधिक झोंबणारी वाटते. आत कोणाला येऊ देता आणि आलेला पैसा कोठे जातो, हे दोन प्रश्न ऐकले की भल्याभल्यांची समाधी उतरते. त्या मुलीने ओसरीवर नेमका यांतला पहिला प्रश्न विचारला होता.

काळ कसा आहे, हे साथी म्हणाले ते खरे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, कॉम्रेड गोविंद पानसरे यांचा २०१५ च्या फेब्रुवारीत. अशा काळात मुलांनी संदिग्ध लिहिले तर प्रतिगाम्यांचे फावेल, ही भीती मी समजू शकतो. परंतु दाभोलकर स्वतः काय सांगत होते? समितीचा विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आणि फसवणुकीला आहे, हे त्यांनी सभासभांतून सांगितले. वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मृत्यूनंतर २०१३ च्या डिसेंबरात झाला, आणि तोही श्रद्धेला गुन्हा ठरवीत नाही. ज्या बाईला ओसरीवर बोलावले जात नाही तिच्याविषयी एक शब्द न काढता 'अंधश्रद्धा मुर्दाबाद' लिहिणाऱ्या मुलाला आपण पारितोषिक दिले, आणि ती बाई जिला दिसली तिला घरी पाठवले. यात फावले कोणाचे, ते साथींनीच सांगावे.

आता भाषेकडे येतो. येथे मला थोडा राग आवरावा लागणार आहे.

त्या सत्तावीस चुकांपैकी एकोणीस मी मोजल्या, त्या चुका नव्हेत, ती वऱ्हाडी आहे. 'मले', 'तुले', 'शाया', 'करून राह्यली'. बरे, हे शब्द कोठे आले होते? मुलीने निबंधाची मांडणी प्रमाण मराठीत केली होती आणि माणसे बोलतात तेथे ती त्यांच्या तोंडच्या भाषेत बोलत होती. फक्त शेवटच्या दोन पानांत, शाळेतल्या मास्तरांनी 'बोली घरी ठेवून या' म्हटल्याचा प्रसंग सांगताना, ती स्वतःही वऱ्हाडीत बोलू लागते. मला वाटते ते तिने जाणूनबुजून केले आहे. तसे नसले तरी बिघडत नाही. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली माणसे १९६० सालापासून वऱ्हाडीत बोलत आली आहेत आणि ती कादंबरी आपण मुलांना अभ्यासायला सांगतो. तेथे जी कलाकृती, ती विद्यार्थिनीच्या वहीत अशुद्ध कशी?

आमचे दुसरे परीक्षक मराठीचे नामांकित अध्यापक. ते ज्या विद्यापीठाच्या महाविद्यालयात शिकवतात ते संत गाडगेबाबांच्या नावाचे आहे. गाडगेबाबा शाळेत गेले नाहीत. त्यांचे कीर्तन म्हणजे समोरच्या माणसाला वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर वदवून घेणे. त्याच विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत कोणी बाबांसारखे लिहिले तर नापास होईल, ही विसंगती आमच्या परीक्षकांना कधी टोचली नसावी. याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरांनी मराठीतून सांगितलेला विचार शिष्याने संस्कृतात लिहायला घेतला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला आवरले, कारण तसे झाले तर आपल्या म्हाताऱ्या त्याला मुकतील, ही त्यांची चिंता होती. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आनंदच आहे. पण ज्या म्हाताऱ्यांसाठी हा सारा खटाटोप झाला त्यांची भाषा त्यांच्या नातीने लिहिली की आपण लाल शाई काढतो. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहिली, तेव्हाही पुस्तकाला नाके मुरडणारे भेटलेच होते. तिच्या पाठीशी जोतीराव उभे राहिले.

प्रमाण मराठी शिकवू नये, असे माझे म्हणणे नाही. कचेरीतला अर्ज, न्यायालयातले निवेदन, स्पर्धा परीक्षेची उत्तरपत्रिका यांत ती लागते, आणि ती न शिकवणे म्हणजे शेतमजुराच्या मुलीला दाराबाहेर ठेवणे होय. मात्र तीच भाषा चाळणी म्हणून वापरायची की शिडी म्हणून, हे शिकवणाऱ्याच्या हातात असते. शिवाय २०२५ च्या उन्हाळ्यात आपण काय करीत होतो, ते आठवावे. पहिलीपासून हिंदी लादणारा १६ एप्रिलचा शासननिर्णय, त्यात शब्दांची फिरवाफिरव करणारा १७ जूनचा दुसरा निर्णय, यांविरुद्ध महाराष्ट्रभर आवाज उठला. २९ जूनला सरकारला दोन्ही मागे घ्यावे लागले. लहान मुलावर परक्या भाषेचा बोजा नको, त्याच्या घरच्या भाषेचा मान राखा, असे आपण अमरावतीच्या राजकमल चौकात ओरडून सांगत होतो. मीही होतो. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत आम्ही घरच्या भाषेखाली लाल रेघा ओढल्या.

राहिला माझा विषय. तेहतीस वर्षे मी वर्गात ग्राहकाच्या निवडीचा सिद्धांत शिकवला. फळ्यावर समवृत्ती वक्र काढायचा, अंदाजपत्रकाची रेषा काढायची आणि जेथे रेषा वक्राला स्पर्श करते तेथे ग्राहकाचे समाधान महत्तम, असे सांगायचे. मुलीच्या निबंधात वक्र नव्हता. तिच्या भावाला 'नीट'च्या शिकवणी वर्गासाठी अकोल्याला ठेवले. त्यासाठी बैलजोडी विकली आणि अडीच एकर वावर मक्त्याने दिले. बापाचा युक्तिवाद तिने त्याच्याच शब्दांत दिला आहे: "पोरगा शिकला तं घर सुधरते, पोरगी शिकली तं तिचं सुधरते." तिला जवळच्या गावी बी. ए.ला घातले, कारण एस.टी.चा पास होता. प्रवेश अर्जावर नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषय, गौण विषय, खुला विषय अशी रकान्यांची रेलचेल होती. प्रत्यक्षात शिकवायला प्राध्यापक दोनच विषयांना होते. उरलेले रकाने लिपिकाने भरले आणि म्हणाला, ही तुमची निवड. निबंधाचे पहिले वाक्य हेच आहे.

याला मी विषयांतर म्हटले! अमर्त्य सेनांचा उपवासाचा दाखला मी दरवर्षी वर्गात देत असे. उपवास करणारा आणि उपाशी असणारा या दोघांच्याही पोटात अन्न नसते, परंतु एकापुढे जेवण्याचा पर्याय असतो आणि दुसऱ्यापुढे नसतो. दाखला मला पाठ होता, पण माणूस समोर आला तेव्हा ओळखता आला नाही. २०२४ साली 'नीट'ला सुमारे तेवीस लाख मुले बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या आसपास होत्या. उरलेल्या बावीस लाखांच्या घरी कोणती बैलजोडी विकली गेली, कोणत्या बहिणीचा पास काढला गेला, याचा हिशेब कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो त्या वहीत एका घरापुरता होता. बापाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट मुलीला लिहिताना माहीत असणे शक्य नव्हते. उरलेल्या वावरात त्याने जूनमध्ये पऱ्हाटी लावली. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता, त्यावर भरवसा ठेवून ही निवड त्याने केली. १९ ऑगस्टला, म्हणजे बोंडे धरायच्या वेळी, केंद्र सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क उठवले आणि नंतर ती सवलत डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली. जूनमधली निवड शेतकऱ्याची होती, ऑगस्टमधली कोणाची? आपण याच प्रश्नावर अकोल्यात धरणे धरले. त्या धरण्याचे पत्रक लिहिताना आपल्याला आकडे हवे होते, आणि त्या आकड्यांतले एक घर आम्ही आठवडाभरापूर्वी बाद केले होते.

समाजावरील चौथा निबंध दीड पानाचा आहे. गावातल्या नळाला पाणी कोणत्या गल्लीत आधी सोडतात आणि कोणत्या गल्लीत शेवटी, एवढीच त्यात वेळापत्रकासह नोंद आहे. ती ज्यांना कळायची त्यांना कळेल.

विद्यार्थ्यांना विचार द्यायचे असतात, असे साथी म्हणतात. द्यावेत. शिबिरे घ्यावीत, पुस्तके द्यावीत, त्यांच्याशी कडकडून वाद घालावा. त्या मुलीशीही माझे दोन मतभेद आहेत आणि ते मी तिला सांगितले आहेत. परंतु निबंध हे विचार देण्याचे स्थळ नव्हे, घेण्याचे आहे. आपल्या संघटनेकडे वऱ्हाडातल्या खेड्यांची माहिती येते ती कार्यकर्त्यांच्या अहवालांतून, आणि हे अहवाल वरच्यांना काय वाचायला आवडेल ते ओळखून लिहिले जातात, हे आपण सारे जाणतो. मीही तसे अहवाल लिहिले आहेत. मुलांनीही आता तसेच लिहावे, अशी आपण पारितोषिके देऊन सोय लावीत असू तर पुढच्या निवडणुकीत गाव आपल्याला का ओळखत नाही, याचे आश्चर्य करू नये. पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठी मी संस्थेला लेखी सूचना केली आहे की, परीक्षकांत निदान एक शेतमजूर स्त्री असावी, ती वाचू शकत नसेल तर तिला निबंध वाचून दाखवावेत, आणि बोलीतील शब्दाला चूक धरू नये. मला स्वतःला परीक्षक नेमू नये, असेही कळवले आहे.

निकालानंतर महिन्याभराने मी वही परत करायला गेलो. अकोल्याहून एस.टी.ने दीड तास लागला. आजी ओसरीवर होती. गुरुवार नव्हता, म्हणून पोथी मांडलेली नव्हती. मुलीने वही घेतली, आपले निबंध उघडून समासातले शेरे एकेक वाचले आणि माझ्या शेऱ्यापाशी थांबली. रागाचा लवलेश नव्हता. "सर, हे विषयांतर नेमकं कोणत्या ओळीपासून सुरू होते?" तिने विचारले. मी चष्मा लावला आणि वही पुन्हा हातात घेतली. चहा आला तरी मी ती ओळ शोधीतच होतो.